मुखमैथुनात वीर्य गिळणं : तब्येतीचं काय, आवडीचं काय

कैरीची_फोड (धागाकर्ती)
विषय वाचून दचकायला झालं असेल तर इथूनच मागे फिरा. धागा सज्ञान लोकांसाठी आहे आणि चावट किस्स्यांसाठी नाही.

परवा मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीने फॉरवर्ड टाकला. वीर्यात भरपूर प्रोटीन असतं, गिळलं की त्वचा उजळते, पाळीचा त्रास कमी होतो, डिप्रेशन जातं, वगैरे. खाली सगळ्यांनी हसून घेतलं आणि रात्री एकेक जण मला खासगीत विचारायला लागली, "खरंच असतं का गं असं?" दुसऱ्या टोकाला माझी एक मावसबहीण. तिचं ठाम मत, की पोटात गेलं तर अल्सर तरी होतो नाहीतर दिवस तरी राहतात. बँकेत अधिकारी आहे हो ती.

माझ्यापुरतं सांगायचं तर ओरलला ना नाही, पण गिळायचं म्हटलं की नको वाटतं. तो बुळबुळीतपणा घशाखाली उतरत नाही. नवऱ्याची सक्ती नाही, पण एकदा म्हणाला, "म्हणजे तुला माझी किळस येते का?" यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. डॉक्टर मंडळींनी खरंखोटं सांगावं, बाकीच्यांनी आपापलं लिहावं. बायकांनीही लिहा. बायकांना काय आवडतं हे दर वेळी पुरुषच सांगत असतात.

गवती_चहा
जागा धरून बसले आहे. मावसबहिणीला साष्टांग नमस्कार.

रात्रपाळी
मी त्वचा आणि गुप्तरोगाचा डॉक्टर. पाटीवर दोन्ही लिहिलेलं असतं. लोक पहिल्यासाठी येतात आणि उठता उठता, दाराच्या कडीला हात लावून, दुसरं विचारतात. त्यामुळे हे प्रश्न रोजचेच.

एका वेळी वीर्य येतं २ ते ५ मिलि, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा. त्यात शुक्रजंतू शेकडा पाचांपेक्षा कमी, बाकी नुसता द्रव. त्यातला दोन-तृतीयांश शुक्राशयांतून येतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेटमधून. फ्रुक्टोज ही साखर, सायट्रिक आम्ल, थोडं जस्त, काही एन्झाइम असा तो ऐवज. बाहेर पडल्यावर आधी घट्ट होतं आणि अर्ध्या तासाच्या आत पातळ होतं, ते या एन्झाइममुळे.

आता ते 'भरपूर' प्रोटीन. १०० मिलिमध्ये साधारण ५ ग्रॅम. म्हणजे एका वेळी फार तर पाव ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं. अंड्याची बरोबरी करायला निदान चोवीस वेळा लागतील, तेव्हा नवरोबांनी हा मुद्दा मांडू नये, अंडी आणावीत. त्वचा उजळण्याला आणि पाळीला काहीही आधार नाही.

डिप्रेशनवालं कुठून आलं ते माहीत आहे. २००२ साली अमेरिकेत आल्बनीच्या विद्यापीठातल्या २९३ विद्यार्थिनींची पाहणी झाली होती. कंडोम न वापरणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी दिसली, एवढंच. ती पाहणी योनिमार्गे होणाऱ्या संबंधांची होती, गिळण्याशी तिचा संबंध नव्हता, आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. वर्तमानपत्रांनी मथळे केले, मथळ्यांचे फॉरवर्ड झाले.

मावसबहिणीला सांगा : जठरातून गर्भाशयाकडे रस्ता नाही. दिवस राहत नाहीत. अल्सर बहुतेक वेळा एका जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्या सतत खाऊन होतो. गिळलेलं वीर्य इतर अन्नासारखंच पचतं.

पोपटी_वाटाणा
मग आजाराचं काय? थुंकून टाकलं आणि चूळ भरली की काम झालं, असं आमच्या होस्टेलवर सर्वमान्य शास्त्र होतं.

रात्रपाळी
हे सर्वमान्य शास्त्र मी रोज ऐकतो आणि रोज मोडून काढतो.

गिळणं आणि थुंकणं यांत आजाराच्या दृष्टीने फारसा फरक नाही. जंतूंचा संबंध येतो तो तोंडाच्या आणि घशाच्या आतल्या नाजूक त्वचेशी. तो तोंडात घेतल्याबरोबर आलेला असतो. पोटात गेल्यावर उलट जठरातलं आम्ल बऱ्याच जंतूंचा निकाल लावतं. आणि कित्येक आजारांना वीर्य लागतच नाही. परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस), हर्पिस, एचपीव्ही (चामखिळींचा आणि काही कॅन्सरचा विषाणू) त्या भागांच्या नुसत्या स्पर्शाने पसरतात. "मी आधीच बाजूला होते" म्हणणाऱ्यांनाही ते होतात.

घशातला परमा हा मोठा लबाड. बहुतेकांना काहीच होत नाही, झालंच तर घसा थोडा खवखवतो आणि माणूस हळद-मिठाच्या गुळण्या करत बसतो. लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही, घशातून वेगळा स्वॅब घ्यावा लागतो, म्हणून 'ओरल केलं होतं' हे डॉक्टरला सांगणं भाग आहे. त्यावर उपाय इंजेक्शनचा. औषधांना दाद न देणारे परम्याचे जंतू वाढताहेत, तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणून स्वतःवर प्रयोग करू नका.

गरमीचा तोंडातला पहिला व्रण दुखत नाही. तोंड आलं की दुखतं, हा दुखत नाही, म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. काही आठवड्यांत आपोआप बुजतो आणि आजार आत राहतो. रक्ताची व्हीडीआरएल तपासणी कुठल्याही सरकारी रुग्णालयात होते.

ओठावर तापाचे फोड उठलेले असताना ओरल टाळा. ते हर्पिसचे असतात आणि तो विषाणू तोंडातून खाली जातो. म्हणजे धोका नेहमी 'घेणाऱ्या'लाच असतो असं नाही. हिपॅटायटिस बी वीर्यात असतो, त्याची लस आहे, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण.

एचआयव्हीचा ओरलमधून धोका अगदी कमी, पण 'अजिबात नाही' असं मी म्हणणार नाही. तोंडात जखमा, रक्त येणाऱ्या हिरड्या असतील तर वाढतो.

अक्कलदाढ
हिरड्यांवर आलात, आता मला बोलू द्या. दातांची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावात.

आपल्याकडे तोंडं निरोगी आहेत असं गृहीत धरून चालतच नाही. पायरिया घरोघरी. गावाकडच्या बायका अजून मिश्री लावतात, सकाळी आणि दुपारी जेवण झाल्यावर, बोटाने हिरड्यांवर चोळून. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांचे गाल बघून तसं वाटत नाही. सुपारीने तोंड उघडत नाही अशी पंचविशीतली पोरं येतात. अशा तोंडात बारीक जखमा कायम असतात, माणसाला त्या कळतही नाहीत.

एक साधी गोष्ट : संबंधाआधी तोंड ताजं व्हावं म्हणून जोरजोरात ब्रश करू नका, फ्लॉस तर नकोच. हिरड्या सोलवटतात. त्यापेक्षा नुसती चूळ भरा. नंतरही लगेच ब्रश नको. ताजी दाढ काढलेली असेल तर भरेपर्यंत हा विषय बंद. हे मी पेशंटला तोंडावर सांगू शकत नाही, कारण शेजारी सासूबाई बसलेल्या असतात.

आणि घशाच्या कॅन्सरबद्दल लोक एचपीव्ही, एचपीव्ही करतात. घशाच्या मागच्या भागाचा, टॉन्सिल-जिभेच्या मुळाशी होणारा कॅन्सर एचपीव्ही १६ मुळे होतो हे खरंच, पाश्चात्त्य देशांत त्याचं प्रमाण मोठं आहे. पण आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं मुख्य कारण तंबाखू आणि सुपारी. तोंडात विडा कोंबून 'ओरलने कॅन्सर होतो का हो डॉक्टर' विचारणारा इसम मी पाहिलेला आहे.

रात्रपाळी
@अक्कलदाढ, शंभर टक्के. एचपीव्हीची लस मात्र घ्याच. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, त्यात १६ आणि १८ दोन्ही प्रकार येतात. खरा फायदा संबंध सुरू होण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वयात. मुलांनाही देतात. घरात त्या वयाची मुलं असतील तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

शेंगदाणा_चिक्की
मूलभूत प्रश्न. शाकाहारी माणसाने काय करावं?

गवती_चहा
@शेंगदाणा_चिक्की, आणि चातुर्मासात? 😂

तळ्यात_मळ्यात
मला आवडतं. लिहून टाकलं. आयडीला चेहरा नाही म्हणून लिहितेय, नाहीतर नणंदेने वाचलं असतं.

यात त्याग वगैरे काही नाही. त्या क्षणी थांबून, उठून, बेसिनकडे पळणं मला जास्त विचित्र वाटतं. चव म्हणाल तर किंचित खारट, किंचित तुरट, तोंडात ठेवली तर वाईट, पटकन गेली तर कळतही नाही. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं नाहीच जमलं, घशाशी येऊन उमाळाच यायचा. पुढे एकदा स्वतःहून केलं, कोणी म्हटलं नव्हतं. कदाचित म्हणूनच जमलं असेल.

अननस खाल्ला की गोड लागतं म्हणतात. आमच्याकडे अननसाच्या सीझनमध्ये काही फरक पडलेला नाही. सिगरेट सोडल्यावर पडला.

बुगडी
मला अजिबात नाही आवडत, ओरलच नाही आवडत. कारण नाही. वांगं आवडत नाही त्याचं कारण कोणी विचारत नाही, मग याचं का विचारतात कळत नाही. आमचं बाकी सगळं छान चाललंय.

फक्त_मुद्द्याचं
इथे पुरुषाच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. बायकोने थुंकून टाकलं की पुरुषाला नाकारल्यासारखं वाटतं. हे नैसर्गिक आहे. प्रेम असेल तर एवढं करायला काय हरकत आहे? आजार नाही हे वर डॉक्टरांनीच सांगितलंय.

बुगडी
@फक्त_मुद्द्याचं, आपण स्वतःचं चाखून पाहिलंय का? प्रेम असेल तर एवढं करायला काय हरकत आहे?

पोपटी_वाटाणा
@बुगडी 🙏🙏

रात्रपाळी
@फक्त_मुद्द्याचं, 'आजार नाही' असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा.

काळा_कोट
मी कौटुंबिक न्यायालयात काम करते. 'एवढं करायला काय हरकत' हे वाक्य माझ्या ऑफिसात बायका रडत सांगतात, म्हणून थोडं कायद्याचं.

६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कलम ३७७ खाली नवराबायकोतलं, दोघांच्या मर्जीने झालेलं ओरलसुद्धा गुन्ह्यात मोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी सज्ञानांमधले संमतीचे संबंध त्यातून काढले. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही. मनाविरुद्ध तोंडात जबरदस्ती करणं हे २०१३ पासून बलात्काराच्या व्याख्येत आहे, पण सज्ञान पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला अजून त्यातून सूट आहे. याचा अर्थ बायकोला काहीच मार्ग नाही असा नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, त्याला वकील लागतोच असं नाही.

धागाकर्तीच्या नवऱ्याबद्दल मी हे म्हणत नाहीये. त्याने विचारलं, दुखावला, थांबला. तो वेगळा विषय.

जुनंखोड
पुरुषांच्या डोक्यात हे 'नाकारणं' कुठून येतं याचा विचार केला पाहिजे. आमच्या पिढीत गल्लीतल्या पैलवानापासून वैदूपर्यंत सगळे सांगायचे, रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो. सप्तधातूंत शुक्र शेवटचं, म्हणजे सगळ्यांचं सार. ते वाया गेलं म्हणून खंगत जाणारी पोरं मी पाहिली आहेत. या भीतीला मानसोपचारात 'धात सिंड्रोम' असं नावच आहे, १९६० च्या सुमारास डॉ. विग यांनी दिलेलं. आता ज्याला लहानपणापासून हे अमृत म्हणून सांगितलंय, त्याचं अमृत कोणी बेसिनमध्ये थुंकलं तर लागणारच!

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून असल्या समजुती खोडत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली खटला झाला, वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. हरले. त्या मासिकात येणारे प्रश्न आणि आज मैत्रिणींच्या ग्रुपवर येणारे प्रश्न यांत फार अंतर पडलेलं दिसत नाही.

फक्त_मुद्द्याचं
मी खंगलेलो नाही. पण चाळीस थेंबांचं आमच्या मामांनी सांगितलं होतं खरं.

खाडीपलीकडे
मी गे आहे, मुंबईत राहतो, जोडीदाराबरोबर. धाग्यात अजून 'नवराबायको'च चाललंय म्हणून.

आमच्यात हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो, त्यामुळे 'प्रेम असेल तर' हा युक्तिवाद कोणी करत नाही. मला चालतं, त्याला चालत नाही. तो कंडोमच घालायला लावतो. फ्लेवरचे मिळतात ते यासाठीच, लोकांना वाटतं गंमत म्हणून असतात. लॅटेक्सला खोबरेल लावू नका, फाटतं.

माझा जोडीदार एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. रोज गोळी घेतो, गेली काही वर्षं त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. विषाणू असा दबलेला असेल तर संबंधातून पसरत नाही, हे मोठमोठ्या अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. तरी सुरुवातीला मला झोप लागायची नाही. एका खासगी डॉक्टरकडे गेलो तर त्याने तपासायच्या आधी लग्नाचं विचारलं आणि मग 'सवय सोडा' म्हणाला. घशाचा स्वॅब घ्या म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी फाइल उचलून बाहेर पडलो. नंतर सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात गेलो. फुकट तपासणी, आणि तिथल्या ताईंनी भुवईसुद्धा उचलली नाही. १०९७ ही हेल्पलाइन आहे, फोनवर मराठीतही बोलतात.

रात्रपाळी
@खाडीपलीकडे, आमच्या व्यवसायबंधूंच्या वतीने वाईट वाटतं.

त्यांच्या मुद्द्याला जोडून : अनोळखी व्यक्तीशी असुरक्षित संबंध आला आणि काळजी वाटत असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. धोका खरोखर असेल तर एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या देतात. जितक्या लवकर तितकं बरं. आठवडाभर गूगल करून येऊ नका. पुढची एचआयव्ही तपासणी चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) असेल तर संबंधानंतर ४५ दिवसांनी केलेली खात्रीची धरतात; गोळ्या घेतल्या असतील तर हे ४५ दिवस गोळ्या संपल्यापासून मोजायचे.

अंजिरी
कोणाला खाज येते का? मला दोनदा ओठ सुजले, जिभेला खाज सुटली. संबंधानंतर खालीही जळजळतं. इन्फेक्शन म्हणून क्रीमं झाली, फरक नाही.

रात्रपाळी
@अंजिरी, वीर्याची ॲलर्जी असू शकते. दुर्मिळ आहे, पण थट्टेचा विषय नाही. १९५८ पासून वैद्यकीय नोंदी आहेत. शुक्रजंतूंची नसते, द्रवातल्या प्रथिनाची असते, बहुधा पीएसए, म्हातारपणी प्रोस्टेटसाठी रक्तात मोजतात तेच. कुत्र्याच्या ॲलर्जीशीही तिचं नातं सापडलंय, नर कुत्र्यात तसंच प्रथिन असतं. लक्षणं बहुतेक वेळा अर्ध्या तासात दिसतात. घरगुती परीक्षा सोपी : काही काळ कंडोम वापरा. त्रास पूर्ण थांबला तर संशय पक्का, ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. पण ओठ सुजणं मला आवडलेलं नाही. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, चक्कर आली तर थेट इमर्जन्सी. तोवर तोंडात घेऊ नका.

अंजिरी
आमच्या घरी लॅब्राडोर आहे आणि मला त्याच्यामुळे शिंका येतात. 😳 दाखवते.

तळ्यात_मळ्यात
गरोदरपणात गिळलेलं चांगलं, बीपी वाढत नाही, असं एका युट्यूबवाल्या बाई सांगत होत्या. हेही फॉरवर्डच का?

रात्रपाळी
याच्या मुळाशी खरा अभ्यास आहे, २००० सालचा, नेदरलँड्समधला. वीर्याशी आधी ओळख झालेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार कमी दिसला. पण अभ्यास छोटा होता आणि त्यावरून कोणीही असा सल्ला देत नाही. नवऱ्याला संसर्ग नसेल तर गरोदरपणात गिळल्याने अपाय नाही. बीपीसाठी मात्र दर भेटीला बीपी मोजून घ्या.

कैरीची_फोड
एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. @जुनंखोड, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो म्हणाला चाळीस थेंबांचं त्यालाही पीटीच्या सरांनी सांगितलं होतं. ग्रुपवर अंड्याचं गणित टाकलंय, मावसबहिणीने अजून निळी टिक दिलेली नाही.

पेन्शनर_काकू
वाचत होते, लिहायचं धाडस आत्ता झालं. वय विचारू नका, नातवंडं कॉलेजात आहेत. आमच्या ह्यांची नसबंदी दुसऱ्या मुलानंतर झाली, तरी पुढे इतकी वर्षं सगळं तसंच यायचं. मला तेव्हा फार शंका यायची, ऑपरेशन नीट झालं की नाही. विचारणार कोणाला? आता गेल्या दिवाळीपासून प्रोस्टेटची गोळी सुरू झाली आणि काहीच येत नाही. ह्यांनी धसका घेतलाय. बोलत नाहीत, पण मला कळतं.

रात्रपाळी
@पेन्शनर_काकू, नसबंदीत फक्त शुक्रजंतूंची वाट बंद होते. ते मुळात इतके थोडे की प्रमाण तेवढंच दिसतं. ऑपरेशन व्यवस्थित झालेलं होतं. (तरुण मंडळींसाठी : नसबंदीने दिवस राहत नाहीत, आजार थांबत नाहीत.)

आता गोळी. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी, टॅम्सुलोसिन आणि विशेषतः सिलोडोसिन, वीर्य बाहेर यायचं थांबतं किंवा उलटं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. अपाय काही नाही, सुखातही बहुतेकांना कमतरता येत नाही. मनाने गोळी बंद करू नका, लघवी तुंबेल. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, दुसरी देता येते. रंग लालसर दिसला असता तर मात्र वाट न बघता जायला सांगितलं असतं.

पेन्शनर_काकू
सिलोडोसिनच आहे, पाकीट बघून आले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, चला, म्हणजे या धाग्याचा प्रश्न आपल्याकडे परस्पर मिटला.